कपिलगीता, शेवटचा अध्याय : राणूबाईंचा नारायण

॥ श्रीराम समर्थ ॥

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, तिसरा स्कंध, अध्याय 33

गेले नऊ दिवस आपण रोज एक अध्याय असं करत कपिलगीता वाचत आलो. आज ती संपते. आधीच्या आठ अध्यायांत सांख्य झालं, ध्यान झालं, भक्ती झाली, गर्भातल्या जिवाची अवस्थासुद्धा सांगून झाली. आता सांगायचं काही राहिलेलं नाही. आता फक्त मुलगा निघतो.

चित्र डोळ्यांपुढं आणा. कर्दम ऋषी आधीच वनात गेलेले. अनसूया, अरुंधती आणि त्यांच्या बहिणी, अशा नऊच्या नऊ मुली ऋषींच्या घरी नांदायला गेलेल्या. सरस्वतीच्या काठच्या त्या आश्रमात आई आणि एकटा कपिल एवढेच उरलेले. आणि तोही आईचा निरोप घेऊन ईशान्येकडं चालू लागतो. भागवताचा मला आवडणारा गुण असा की ते इथं काही लपवत नाही. ज्या बाईला स्वतः भगवंतानं तत्त्व सांगितलं, ती मुलगा गेल्यावर व्याकुळ होते. वासरू दुरावलेल्या गाईसारखी होते, असं व्यास म्हणतात. ज्ञान झालं म्हणून माया आटली असं काही ते लिहीत नाहीत.

पुढं ती ध्यानात इतकी बुडते की अंगावरच्या वस्त्राचं भान राहत नाही, केस सुटलेले कळत नाहीत. आणि इथं एक छोटी गोष्ट येते, भराभर वाचताना निसटून जाणारी. तिचा देह दुसऱ्यांकडून पोसला जात होता आणि तो वाळला नाही, असं व्यास सांगून जातात. टीकाकार सांगतात की आश्रमातल्या सेविका तिचं सगळं करत होत्या. म्हणजे कोणीतरी तिला न्हाऊ घालत होतं, घास भरवत होतं, पदर सावरत होतं. त्यांची नावं मात्र अध्यायात नाहीत.

ही कपिलगीता समर्थ रामदासांनी आपल्या आईला सांगितली होती. आज त्यांच्या चरित्रातला तेवढाच धागा धरू या. शिवथर घळ, अकरा मारुती, शिवाजी महाराजांची भेट हे सगळं आपण दासनवमीला दरवर्षी ऐकतोच.

आता कोणी म्हणेल, मोहोळची बाई आईच्या सेवेवर लिहायला बसली आणि पुंडलिकाला सोडून जांबला कशाला गेली? पंढरपूर तर हाकेच्या अंतरावर. खरं आहे. आमच्याकडं आई-वडिलांची सेवा म्हटलं की तोंडात पहिलं नाव पुंडलिकाचंच येतं. पण पुंडलिक घरी राहिला आणि देव त्याच्या दारी आला. त्याची गोष्ट सरळ आहे. समर्थ घर सोडून गेले. ज्या घरातला एक जण गेला आणि एक जण राहिला, त्या घरांसाठी त्यांची गोष्ट जास्त जवळची, आणि अशी घरं आता गल्लीगल्लीत आहेत. आमचंही तसंच आहे.

जांब हे गाव आज जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. तिथल्या सूर्याजीपंत ठोसरांकडं कुलकर्ण्याचं वतन होतं. बायको राणूबाई. थोरला गंगाधर 1605 चा, धाकटा नारायण 1608 चा, चैत्र शुद्ध नवमीचा, ऐन रामजन्माच्या वेळचा. नारायण सात वर्षांचा असताना वडील गेले. म्हणजे राणूबाईंच्या पदरी दहा वर्षांचा एक आणि सात वर्षांचा एक.

धाकटा लहानपणी झाडावरून उड्या मारणारा, पाण्यात डुंबणारा, आणि मधेच गप्प होऊन अडगळीच्या खोलीत जाऊन बसणारा. आईनं शोधून काढलं आणि अंधारात काय करतोस म्हणून विचारलं, तेव्हा त्यानं जगाची काळजी करतोय असं उत्तर दिलं, ही गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ. कीर्तनात यावर श्रोते माना डोलावतात. मला मात्र दर वेळी त्या आईचं काय झालं असेल ते आठवतं. नवरा नाही, दोन पोरं, आणि त्यातलं एक अंधारात बसून जगाची काळजी करतंय.

तिनं उपाय केला तो त्या काळातल्या कुठल्याही आईनं केला असता तोच. लग्न ठरवलं. नारायण ऐकेना, तेव्हा तिनं त्याच्याकडून वचन घेतलं की अंतरपाट धरेपर्यंत तरी नाही म्हणायचं नाही. पोरानं वचन अगदी शब्दशः पाळलं. आसनगावच्या मांडवात अंतरपाट धरला, मंगलाष्टकांत सावधान हा शब्द आला, आणि बारा वर्षांचा नवरदेव मांडवातून पळाला. हे 1620 च्या सुमाराचं.

तिथून नाशिक पंचवटी, मग टाकळी. नंदिनी आणि गोदावरीच्या संगमावर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून जप, बारा वर्षं. तेरा कोटी रामनाम झालं असं संप्रदायात मानतात. त्यानंतर आणखी बारा वर्षं देशभर तीर्थाटन. हिमालय ते रामेश्वर, काय काय पाहिलं असेल त्यांनी. ते सगळं त्यांच्या लिखाणात उतरलंय आणि मी त्यातलं काही कमी लेखत नाही. रोज सकाळी त्यांचाच दासबोध उघडणारी मी.

पण चोवीस वर्षं म्हणजे घरी काय होतं, तेही मोजू या. गंगाधरपंत पंधराचे होते ते एकोणचाळीसचे झाले. वतनाचं काम, घरचं रामाचं आणि सूर्याचं उपासनेचं, स्वतःचं लग्न, दोन मुलं, आणि आई. यात 1630 ते 1632 चा तो भयंकर दुष्काळही आला. दख्खनेत माणसं अन्नावाचून गेली, गावंच्या गावं ओस पडली. त्याच सुमाराला मोगलांच्या फौजा निजामशाही बुडवायला आलेल्या, आणि 1636 मध्ये ती बुडालीही. अशा दिवसांत एका खेड्यातलं चूल-पोतेऱ्याचं घर टिकवणं हीसुद्धा तपश्चर्याच की. टाकळीची बारा वर्षं आणि जांबची ही बारा वर्षं एकाच वेळची आहेत. कीर्तनात पहिली येतात, दुसरी येत नाहीत.

या चोवीस वर्षांत कधीतरी राणूबाईंची दृष्टी गेली. मुलासाठी रडून रडून गेली असं सगळीकडं सांगतात. रडल्यानं डोळे जात नाहीत हे आज आपल्याला माहीत आहे. बहुधा मोतीबिंदू असावा, असा आपला माझा तर्क. पण रडणं खरं असणार, आणि दिसेनासं होणंही खरं. दोन्ही एकाच बाईच्या वाट्याला आलं की लोक त्यांची गाठ मारतात.

इथं थोडं घरचं सांगते, कारण हा भाग आमच्या घरात फार वेळा वाचला जातो. आईला 84 चालू आहे. तिला काचबिंदू आहे. मोतीबिंदू असता तर शस्त्रक्रियेनं भागलं असतं. काचबिंदूत डोळ्यामागची नसच खराब होते आणि गेलेली नजर परत येत नाही. जी थोडी उरली आहे ती टिकवायला सकाळ-संध्याकाळ थेंब. एक थेंब घातला की नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटानं मिनिट-दोन मिनिटं हलकं दाबून धरायचं, दुसऱ्या औषधाचा थेंब पाच मिनिटांनी. (तुमच्या घरात कोणाला असेल तर तुम्हीही चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब आणि नस तपासून घ्या, हा आजार घराण्यात उतरतो आणि सुरुवातीला कळतच नाही. एवढं या निमित्तानं.)

तिच्या खाटेपासून न्हाणीपर्यंत भिंतीला दोरी बांधली आहे. त्या दोरीच्या आधारानं ती एकटी जाते, मी मागं दोन पावलांवर असते, पण बोलत नाही. तिला ते आवडत नाही. तांब्या, चष्म्याचं घर (चष्मा आता लागत नाही, पण घर लागतं), जपाची माळ, सगळं जिथल्या तिथं. कोणी पाहुणा तांब्या वीतभर सरकवून गेला तरी तिचा हात हवेत फिरत राहतो. दुधात कुस्करलेली भाकरी, मऊ भात. उन्हाळ्यात मोहोळ कसं तापतं ते सोलापूर जिल्ह्यातल्या वाचकांना सांगायला नको. दुपारी ओला पंचा घालून कूलरपुढं बसवते आणि पोथी वाचते. धाकटा भाऊ बंगळुरूला असतो. चांगला आहे तो. पैसे पाठवतो, रविवारी फोन करतो, दिवाळीला येतो. तो येणार असला की आई आठ दिवस आधीपासून तारखा मोजते. आल्यावर त्याच्या तोंडावरून हात फिरवते आणि शेजारणींना सांगते की आज मला जरा बरं दिसतंय. डॉक्टरांच्या दृष्टीनं तसं काही नसतं. मीही काही बोलत नाही.

म्हणून पुढचा प्रसंग मी आईला वाचून दाखवते तेव्हा आवाज सांभाळून वाचते.

समर्थ 1644 च्या सुमाराला गोदावरीकाठानं परत आले. पैठणला कोणी जांबचा माणूस भेटला, त्यानं ओळखलं आणि आई आंधळी झाल्याचं सांगितलं, अशी कथा आहे. ते जांबला आपल्या घरापुढं येऊन उभे राहिले आणि रघुवीराचा जयजयकार केला. आतून राणूबाईंनी सुनेला सांगितलं की बैरागी आलाय, भिक्षा घाल. बाहेरून उत्तर आलं की हा बैरागी भिक्षा घेऊन जाणारातला नाही. आवाज ऐकून तिनं नारोबा म्हणून ओळखलं. चोवीस वर्षांनी, नुसत्या आवाजावरून. त्यांनी तिच्या डोळ्यांवरून हात फिरवला आणि तिला दिसू लागलं. तिनं विचारलं की कुठलं भूत वश करून आलास बाबा? त्यावर समर्थांनी आपल्याला लागलेलं भूत म्हणजे रामच, असं तिला एका अभंगातून सांगितलं.

हे सगळं ज्या हनुमंतस्वामींच्या बखरीतून आपल्याकडं आलं, ती समर्थांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. तेव्हा नेत्रदानाची गोष्ट ज्यानं त्यानं आपल्या श्रद्धेनं घ्यावी. माझी आई ती अक्षरशः घेते. मी या प्रसंगातलं एक माणूस कधी सोडत नाही: भिक्षा घेऊन दाराकडं निघालेली सून. तिचं नाव पार्वतीबाई. सासूनं हाक मारली की उठायचं, दाराशी कोण आहे ते बघायचं, सासूला सांगायचं. आंधळ्या माणसाचे डोळे म्हणजे घरात जो जवळ असेल तो. त्या दिवशी राणूबाईंना नारोबानं दृष्टी दिली असेल, पण त्याआधी त्यांना जग दिसत होतं ते पार्वतीबाईंच्या तोंडून.

समर्थ घरी काही काळ राहिले. आणि मग पुन्हा निघायचं ठरलं, तेव्हा त्यांनी आईला कपिलगीता सांगितली. भागवतात इतकी आख्यानं आहेत, ध्रुवाचं आहे, प्रल्हादाचं आहे. त्यांतलं त्यांनी नेमकं हेच का निवडलं असेल? परंपरा म्हणते आईला आत्मज्ञान द्यायला. ते आहेच. पण मला वाटतं, त्यांना शेवटचा अध्याय हवा होता. मुलगा आईला हातचं राखून न ठेवता सगळं सांगतो आणि मग जातो, आणि आईचं त्यात वाटोळं होत नाही, हे सांगणारं दुसरं आख्यान माझ्या तरी माहितीत नाही. जाणं लपवायचं नव्हतं. लग्नाच्या वेळी ते न सांगता पळाले होते. या खेपेला सांगून, बसवून, नऊ अध्याय समजावून गेले. बारा वर्षांच्या मुलात आणि छत्तीस वर्षांच्या माणसात हा फरक पडलेला मला दिसतो. शेवटच्या वेळी मी येईन, असं वचनही देऊन गेले.

मग कृष्णाकाठ. मसूर, चाफळ. 1648 मध्ये चाफळला रामाचं देऊळ उभं राहिलं, उत्सव सुरू झाला, शिष्य जमले, मठ वाढू लागले. दासबोध आकाराला येऊ लागला. त्याच्या तिसऱ्या दशकात स्वगुणपरीक्षेचे समास आहेत, आपण ते मागच्या वर्षी वाचले होते. त्यात म्हातारपणाचं जे वर्णन आहे ते वाचवत नाही. शरीर थकलेलं, खोकला, कफ, हातपाय चालेनात, आणि ज्यांच्यासाठी जन्म घालवला ती घरची माणसंच कंटाळलेली. ब्रह्मचारी गोसाव्याला हे इतकं बारकाईनं कुठून कळलं? गावोगाव भिक्षेला फिरणारा माणूस प्रत्येक घराच्या ओसरीवर काय पडलंय ते बघतो. झोळी पुढं करून उभं राहिलं की घरातलं म्हातारं माणूस कसं ठेवलंय ते पहिल्यांदा दिसतं. त्यांनी ती हजारो घरं पाहिली, आणि त्यातलं एक घर त्यांचं स्वतःचंही होतं, जिथं म्हातारीला नीट ठेवलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

1655 मध्ये राणूबाई गेल्या. चाफळहून जांब सरळ रेघेत मोजलं तरी तीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि तेव्हा पायीच जायचं. समर्थ वचनाप्रमाणं वेळेवर पोचले, दोन्ही मुलं जवळ असताना आईनं प्राण सोडला, असं चरित्रकार सांगतात. यावर कीर्तनकार फार रंगतात, रंगावंच. मला फक्त दोन आकडे शेजारी ठेवायचे आहेत. वडील गेल्यापासून आई जाईपर्यंत चाळीस वर्षं. त्यातली सगळी चाळीस गंगाधरपंतांची. नारायणाच्या वाट्याला पहिली पाच आणि मग मोजके दिवस.

यात समर्थांना दोष द्यायचा विचार माझ्या मनाला शिवत नाही. ते गेले नसते तर आज माझ्या हातात पोथी नसती, आणि दुपारी आईला काय वाचून दाखवलं असतं देव जाणे. पण जो घरी राहतो त्याच्या हातून काहीच घडलं नाही असं आपण समजतो, ते मात्र समर्थांना स्वतःलाही मान्य नव्हतं. थोरल्या भावाला संप्रदायात श्रेष्ठ म्हणतात. रामीरामदास हे त्यांचं काव्यातलं नाव. भक्तिरहस्य आणि सुलभोपाय हे ग्रंथ त्यांनी लिहिले, घर सांभाळत लिहिले. दोघां भावांत पत्रं जात-येत, आणि त्यांत धाकट्यानं थोरल्याचा मान कधी सोडला नाही. गंगाधरपंत 1677 मध्ये गेले, समर्थ त्यानंतर पाच वर्षांनी, 1682 च्या माघ वद्य नवमीला सज्जनगडावर. समर्थांना मूलबाळ नव्हतं. पुढं चाफळ आणि सज्जनगडाचा अधिकार चालला तो थोरल्या भावाच्या, म्हणजे पार्वतीबाईंच्या वंशात.

आणि एक गोष्ट आमच्या भागातली. समर्थांचे पट्टशिष्य कल्याणस्वामी परंड्याजवळ डोमगावला राहिले, सीना नदीच्या काठी. तीच सीना पुढं आमच्या मोहोळ तालुक्यातून जाते. कल्याणस्वामीही आईला सोडून गुरूबरोबर निघालेले. त्यांची आई धाकट्या मुलाजवळ, दत्तात्रेयस्वामींजवळ शिरगावला राहिली असं सांगतात. पुन्हा तेच. दोन भाऊ, एक गुरूबरोबर, एक आईबरोबर, आणि मठ दोघांचेही.

हा भाग ऐकून झाला की आई नेत्रदानाचा प्रसंग पुन्हा वाचायला सांगते, मी वाचते. परवा मात्र तिनं वेगळंच विचारलं. राणूबाईंना जेवू कोण घालत होतं? पार्वतीबाई, मी म्हटलं. थोडा वेळ माळ ओढत बसली. मग म्हणाली की त्या पार्वतीबाईच्या आईला मग कोण बघत होतं? मी पोथी मिटली. ती तशीच माझ्याकडं तोंड करून बसली होती, उत्तराची वाट बघत, आणि मी तिला सांगितलं की आपलं घर आहे ना, तसं कुठलं तरी घर असेल. त्यावर ती हसली आणि पाणी मागितलं.

उद्यापासून चौथा स्कंध. पहिल्या अध्यायात देवहूतीच्या मुलींचे वंश आहेत, अनसूयेची कथाही त्यातच येते. उद्या सकाळी आईला तपासणीला सोलापूरला न्यायचंय, तेव्हा लिखाण संध्याकाळी टाकेन.

जय जय रघुवीर समर्थ.